झोपवून घेतलेले सूर

३ ऑक्टोबर

आत्या,

नमस्कार. फोनच करणार होते, पण मागच्या वेळी तूच म्हणालीस, "फोनवर तुझं मला ऐकू येत नाही आणि माझं तुला सोसत नाही." म्हणून पत्र. तसंही मी इतकी चिडलेय, की फोनवर नुसती ओरडले असते.

आमच्या वाद्यवृंदात नवं फर्मान निघालंय. एका कारखान्याने फुंकवाद्यांचा अख्खा संच भेट दिलाय, सगळी एका साच्यातली. आता ज्याने त्याने आपापलं वाद्य घरी ठेवायचं आणि ही वाजवायची. संचालक म्हणाले, "मला एक आवाज हवाय, दहा जणांची दहा मतं नकोत." व्यवस्थापकांनी सूचना लावली तीही फलकावर, पाण्याची टाकी धुणार असल्याच्या कागदाखाली. म्हणजे आमच्या वाद्यांची किंमत काय ते बघ! आमचा पहिला क्लॅरिनेटवाला (त्याला सगळे बोका म्हणतात, दूध दिसलं की डोळे मिटतो म्हणून) लगेच नवी घेऊन मोकळासुद्धा झाला.

मी उभी राहिले. म्हटलं, "मी बाबांचीच वाजवणार. अकरा वर्षं त्याच क्लॅरिनेटवर या खुर्चीत बसलेय, कुणाची तक्रार नव्हती." व्यवस्थापक म्हणाले, तशी एक सवलत आहे. जुनं वाद्य चालेल, पण ते कारखान्यातून निघालं तसंच आहे, त्याच्या भोकांना कुणी हत्यार लावलेलं नाही, असं जाणकाराचं प्रमाणपत्र तीस नोव्हेंबरच्या आत हवं. नाहीतर नवी वाजवायची. तेही नसेल तर खुर्ची सोडायची. स्वच्छ शब्दांत सांगितलं.

नवी मी वाजवून बघितली, नाही असं नाही. वरचे सूर सुरेख. चाव्या लोण्यासारख्या. पण खालचे सूर सगळे पडके! ट्यूनरचा काटा डावीकडे, उतरत्या बाजूला जाऊन बसला तो हलेना. संचालकांनी सगळ्यांदेखत "जरा सुरात" म्हटलं. मला! असलं खोकं मी वाजवायचं आणि वर बोलणीही खायची?

जाणकार म्हणजे तूच. जुन्या क्लॅरिनेटबद्दल तुझा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे व्यवस्थापकांनाही माहीत आहे. चार ओळी खरड आणि पाठव. मग बघते एकेकाला.

तुझी,
टिटवी


११ ऑक्टोबर

टिटवे,

आशीर्वाद आहेतच, ते काही मागून मिळत नाहीत. लहानपणी तू क्लॅरिनेट फुंकलीस की ती टिटवीसारखी किंचाळायची, म्हणून तुझं हे नाव ठेवलं. आता बाई झालीस तरी किंचाळणं काही गेलं नाही.

आधी तुझा एक गैरसमज काढते. "जुनं ते सोनं" हे ज्याने म्हटलं त्याने माझ्या दुकानात एक आठवडा बसावं. दहा जुन्या क्लॅरिनेट माझ्यासमोर येतात. त्यातल्या सात चुलीत घालायच्या लायकीच्या असतात, दोन भिंतीवर शोभतात आणि एखादीच वाजते. माणसं मखमलीची पेटी उघडतात आणि माझ्याकडे अशी बघतात, जसं काही मी आता रडणार. मी नळीतून खिडकीकडे बघते. लाकूड आतून सरळ आहे की सुजलंय, वरच्या जोडाशी चीर आहे का, ते बघते. खालचं तोंड बंद करून हवा ओढते. नळी ओठाला चिकटून राहिली तर भोकं झाकणारे पॅड धड आहेत. मग पंधरा मिनिटं फुंकायला लावते आणि नंतरच सूर मोजते. थंड वाद्य मोजणारा गाढव असतो. आणि शेवटी सांगते, "नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा." माणसं रागावून जातात. जाऊ देत.

नव्यांना शिव्या घालायचं तर कारणच नाही. यंत्राने पाडलेलं भोक केसाएवढंही इकडचं तिकडे होत नाही. बारापैकी बारा वाद्यं सुरात असतात. त्यांच्यात जीव नाही म्हणणाऱ्यांना मी विचारते, की जीव तुझ्यात आहे ना? मग त्यात घाल.

पण तुझ्या संचालकाचं मात्र डोकं फिरलंय. वाद्य एक असलं म्हणजे आवाज एक होत नाही. एका मापाचे जोडे घातले म्हणून दहा माणसं सारखी चालतात काय? तू अजिबात वाकू नकोस.

आता प्रमाणपत्राचं. ते मी देणार नाही. नातेवाइकांच्या वाद्यांना प्रमाणपत्र द्यायचं नाही, हा माझा नियम आहे. दुसऱ्या कुणाकडे जा. पण जाण्याआधी एक कर. नवीवर नेमके कोणते सूर पडतात ते एकेक लिहून पाठव. आणि तुझी जुनी दुसऱ्या कुणाला तरी वाजवायला दे, त्याचे सूर कुठे जातात तेही कळव.

आत्या


२० ऑक्टोबर

आत्या,

हा नियम कधी झाला गं? मावसकाकांच्या बासरीला तू प्रमाणपत्र दिलंस, ते माझ्यासमोर. शिक्का मीच मारला होता. म्हणजे नियम फक्त माझ्यापुरता!

तरी तुझं ऐकलं. त्या दुसऱ्या जाणकारांकडे गेले, ते सोनेरी चष्म्याचे. त्यांनी बाबांची क्लॅरिनेट खिडकीकडे धरली, खालच्या तुकड्याच्या भोकांत आरसा घालून बघितलं, दोनदा हं हं केलं आणि परत पेटीत ठेवली. म्हणाले, "हे तुमच्या आत्यांनाच विचारा." मी विचारलं, का? तर म्हणे, "त्यांच्या घरातलं वाद्य, मी काय बोलणार!" तुम्हा लोकांची जात एकच. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं.

तू मागितलेली यादी सोबत जोडलीय. उजव्या हाताचे खालचे पाच सूर, सगळेच्या सगळे पडके. सगळ्यात खालचा सर्वांत जास्त, मग वर येत येत कमी, आणि डावा हात सुरू झाला की सगळं ठीक. मला वाटलं माझ्याच वाट्याला नासका नग आला. म्हणून बोक्याची नवी घेतली. तिच्यावरही तेच! आणि बोका मेला त्याच क्लॅरिनेटवर सुरात वाजवतो. त्याचे ओठ जाड आहेत, त्यामुळे असेल.

जुनी मात्र कुणाला वाजवायला दिली नाही आणि देणारही नाही. बाबांनी कधी कुणाला दिली नव्हती. मला शिकवतानासुद्धा त्यांनी आधी दोन वर्षं शाळेच्या प्लास्टिकच्या वाद्यावर घासून घेतलं आणि मग ही हातात दिली. म्हणाले होते, "आता आधीचं विसर. हिचे खालचे सूर जरा झोपवून घ्यायचे. जबडा सैल सोडायचा, ओठ उशीसारखा ठेवायचा. जुन्या वाद्यांचं असंच असतं." तोच तर तो आवाज! लोक मध्यंतरात येऊन विचारतात, खालचा तो रुंद, गडद आवाज कुणाचा? मी म्हणते, पंच्याऐंशी वर्षांच्या लाकडाचा.

काल व्यवस्थापकांनी हळूच बाजूला घेतलं. म्हणाले, "एवढं काय ताणताय? आत्यांकडून एक ओळ आणा. आम्ही काय भोकं मोजत बसणार आहोत?" बघ, शत्रूसुद्धा मदत करतोय, आणि तू?

मला ही खुर्ची हवीय, आत्या. मिळवायला मला तीन परीक्षा द्याव्या लागल्या होत्या, तुला माहीत आहे. लिही ना.

टिटवी


८ नोव्हेंबर

आत्या,

एकोणीस दिवस झाले. दुकान बंद नाही, कारण शेजारच्या घड्याळवाल्यांना मी फोन केला. ते म्हणाले, रोज उघडतं, फक्त आत्याबाई कुणाशी बोलत नाहीत.

मग मला जे वाटतं ते मीच लिहिते. त्या कारखान्याने तुलाही काहीतरी पाठवलं असणार. नाहीतर नव्यांचं एवढं कौतुक तुझ्या तोंडून? बाबा आयुष्यभर तुझी बाजू घ्यायचे. तू त्यांच्या एकाही कार्यक्रमाला आली नाहीस, तरी म्हणायचे, "तिला काम असतं." आता ते नाहीत, त्यामुळे तुला कुणाची भीड राहिलेली नाही.

लिहायचं नसेल तर तसं एका ओळीत कळव. मी वाट बघणं बंद करीन.

टिटवी


१३ नोव्हेंबर

टिटवे,

कारखान्याने मला काही पाठवलेलं नाही. एक दिनदर्शिका आली होती, ती मी घड्याळवाल्याला दिली. उचलली जीभ लावली टाळ्याला! पण बाकीचं तू लिहिलंस ते मी गिळलं. त्याहून वाईट मी स्वतःला रोज म्हणतेय.

तुझी यादी आली त्याच दिवशी मला सगळं कळलं. खरं तर तुझं पहिलंच पत्र वाचून शंका आली होती. नव्या क्लॅरिनेटचे सूर पडत नाहीत. ते तू पाडतेस. नसलेली चूक दुरुस्त करतेस, कारण तुझ्या बाबाने तुला ती दुरुस्त करायलाच शिकवलं. आणि ती चूक माझी आहे.

मी तेवीस वर्षांची होते, तो एकोणीसचा. दुकान तेव्हा मालकांचं. मी तिथे पॅड चिकटवायची, कॉर्क कापायची, तेल द्यायची. सुरीला हात लावायची मुभा नव्हती. मालक म्हणायचे, "बाईमाणसाच्या हातात सुरी दिली की वाद्याचं भजं." मी मात्र चार वर्षं त्यांच्या खांद्यावरून बघत सगळं शिकले होते, आणि आपल्याला येतं याची मला खात्री होती. खात्री कसली, मस्ती होती.

त्याने ही क्लॅरिनेट एका म्हाताऱ्या वादकाकडून घेतली. चार दिवसांनी त्याची वाद्यवृंदाची परीक्षा होती. म्हणाला, "ताई, खालचे सूर बसके लागतात." सुट्टीचा दिवस, दुकान बंद, चावी माझ्याकडे. सकाळ अशी, की बोटं आखडत होती. मी म्हटलं, तू फुंक, मी लिहिते. पेटीतून काढली आणि तशीच सुरू केली, सगळ्यात खालच्या सुरापासून वर. पहिला सूर खूप उतरलेला. पुढचा थोडा कमी. वर जाऊ तसा फरक कमी कमी होत गेला. मला केवढा आनंद झाला, किती नीटनेटका दोष आहे म्हणून! मी मालकांची सुरी घेतली आणि उजव्या हाताची भोकं आतून मोठी केली. खालचं सर्वांत जास्त, वरची थोडी थोडी.

तुला कळलं असेलच. तिच्यात काहीच खोट नव्हती. ती फक्त गारठलेली होती. तो फुंकत गेला तशी ती तापत गेली, आणि तापत गेली तशी सुरात येत गेली. मी वाद्याचा दोष लिहीत नव्हते, थंडी लिहीत होते. अर्ध्या तासाने त्याने परत वाजवली तेव्हा खालचे सूर नुसते छपराला लागले. सुरी लावलेलं लाकूड परत येत नाही.

मी फतकल मारून रडले. तो क्लॅरिनेट घेऊन कोपऱ्यात बसला आणि जबडा सैल सोडून एकेक सूर खाली आणायला लागला. चार दिवसांत त्याने ओठ बदलला आणि परीक्षेत पास झाला. मालक ऐकायला गेले होते. येऊन म्हणाले, "काय रुंद आवाज! शेवटी जुनं लाकूड ते जुनं लाकूड." त्याने मान डोलावली. खरं बोलला असता तर मी त्याच दिवशी घरी बसले असते आणि पुन्हा कधी सुरी धरली नसती. दोन वर्षांनी मालकांनीच मला सुरी दिली. म्हणाले, "तुझा कान चांगला आहे."

पुढे मेणाने भोकं भरून देते, असं मी त्याला दहा वेळा म्हटलं असेल. दोन तासांचं काम. तो म्हणायचा, "आता ओठ बसलेत, ताई. हात लावू नकोस." कार्यक्रमाला मी येत नव्हते, कारण मला नुसतं ऐकू यायचं, की आता झोपवला, आता हाही झोपवला. प्रत्येक सुराला तो माझी चूक झाकत होता. मला ते बसून ऐकवत नव्हतं गं. लाज वाटायची.

एवढे दिवस याचसाठी गप्प होते. सोबत प्रमाणपत्र आहे. "वाद्य मूळ स्थितीत, भोकांना हत्यार लागलेलं नाही." सही आहे, शिक्का आहे. आयुष्यातलं पहिलं खोटं प्रमाणपत्र. त्याने माझी खुर्ची राखली, मी तुझी राखते. दे ते आणि मोकळी हो.

आत्या


१७ नोव्हेंबर

आत्या,

तुझ्या प्रमाणपत्राचे आठ तुकडे परत पाठवतेय. मोजून घे.

आधी खूप रागावले. तुझ्यावर आणि बाबांवरही. मला सांगायला काय झालं होतं? "जुन्या वाद्यांचं असंच असतं" म्हणे! मी तेच लोकांना पढवत बसले. दोन दिवस क्लॅरिनेट उघडली नाही.

तिसऱ्या दिवशी उघडली आणि खालचा सूर न झोपवता, ताठ ओठांनी वाजवला. अगं, काय कर्कश! एखाद्या डब्यावर चमचा मारावा तसा. मग नेहमीसारखा वाजवला. आला, तोच, रुंद. आणि मग मला खुर्चीत बसल्या बसल्या हसूच फुटलं. आत्या, म्हणजे तो आवाज लाकडाचा नाहीच! तो आमचा आहे! बाबांचा आणि माझा! सगळी दुनिया पंच्याऐंशी वर्षांच्या लाकडाला हार घालतेय आणि आवाज माझ्या जबड्यातून येतोय. तू लाजेने चव्वेचाळीस वर्षं तोंड लपवलंस, आणि इथे मला आज पहिल्यांदा कळलं, की मी काय वाजवते.

आता ऐक. मेण नको. भोकांना हात लावशील तर याद राख. तुझी चूक होती तेव्हा होती, आता तिच्यावर माझं घर उभं आहे.

आणि खोटं तर मुळीच नको. बाबांनी तुला झाकलं, कारण तेव्हा झाकलं नसतं तर तुझी सुरी गेली असती. आज तुझी सुरी कोण काढून घेणार आहे? मला झाकलेल्या कागदावर बसायचं नाही. खरं प्रमाणपत्र लिही. काय केलंस, कुठे केलंस, का केलंस, सगळं. मान वर करून लिही. ते घेऊन मी त्यांच्यासमोर जाते आणि बघते काय करतात ते.

खुर्ची गेली तर गेली. पण मी ती तुझ्या खोट्या सहीवर ठेवणार नाही.

टिटवी


२१ नोव्हेंबर

टिटवे,

बापावर गेलीस म्हणावं तर तो असा उर्मट नव्हता. माझ्यावर गेलीस. घे.

"मी, चाळीस वर्षांहून अधिक काळ जुनी फुंकवाद्यं तपासणारी कारागीर, लिहून देते, की सोबतची क्लॅरिनेट मूळ स्थितीत नाही. तिच्या खालच्या तुकड्याची पाच भोकं सुरीने आतून मोठी केलेली आहेत. हे काम मी स्वतः, दुकानाच्या मालकांच्या परवानगीशिवाय, थंड वाद्य मोजून केलं. ते चूक होतं. त्यामुळे हे वाद्य खालच्या सुरांत चढं आहे आणि सर्वसाधारण वादकाच्या हाती कधीही सुरात लागणार नाही. माझ्या माहितीत ते फक्त दोन माणसांनी सुरात वाजवलं. त्यांतला एक, माझा धाकटा भाऊ, आता नाही. दुसरी तुमच्याकडे नोकरीला आहे. लाकूड निरोगी, चीर नाही, पॅड धड. वाद्याची किंमत शून्य समजावी. वादकाची तुम्ही ठरवा."

शेवटची दोन वाक्यं प्रमाणपत्रात बसत नाहीत, हे मला कळतं. पण मी खोडणार नाही.

याची एक प्रत मी आमच्या कारागीर मंडळाला पाठवली. लगेच सोनेरी चष्मा दुकानात हजर! म्हणाला, "आत्याबाई, मागे घ्या. हात दाखवून अवलक्षण कशाला? तुमच्या जुन्या प्रमाणपत्रांवर लोक शंका घेतील." मी म्हटलं, घेऊ देत. आणा सगळी परत, एकेक वाद्य पुन्हा तपासते, तुमच्यासमोर. आणि तुम्ही आरसा घालून बघितलंत, तुम्हाला दिसलं, तरी पोरीला सांगितलं नाहीत. तुम्ही कुठल्या तोंडाने आलात? तो गेला. चहा तसाच राहिला.

कालपासून मला जरा बरी झोप लागतेय. तुझं काय होतं ते कळव. लवकर कळव.

आत्या


२ डिसेंबर

आत्या,

अठ्ठावीसला दुपारी बोलावलं. तालमीच्या हॉलमध्ये संचालक, व्यवस्थापक, मी आणि बोका. बोक्याला का बोलावलं, तर म्हणे विभागप्रमुख म्हणून. व्यवस्थापकांनी तुझा कागद मोठ्याने वाचायला सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीपासून त्यांचा आवाज बारीक होत गेला. शेवटी म्हणाले, "अहो, मी एक ओळ आणा म्हटलं होतं, तुम्ही तर फिर्याद आणलीत! हे नियमात बसत नाही. संपलं."

मी म्हटलं, पाच मिनिटं द्या. स्टँडवर ट्यूनर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. पंधरा मिनिटं फुंकून तापवून आणली होती. खालचे पाचही सूर वाजवले. काटा मधोमध. मग आयुष्यात पहिल्यांदा बाबांची क्लॅरिनेट दुसऱ्याच्या हातात दिली. बोक्याला म्हटलं, "वाजव." त्याने स्वतःची रीडची पट्टी लावली आणि मोठ्या तोऱ्यात फुंकली. काटा उजवीकडे, चढ्या बाजूला! पुन्हा फुंकली, पुन्हा तेच. कान लाल झाले त्याचे. म्हणाला, "वाद्यात दोष आहे."

"आहेच," मी म्हटलं, "तिथे लिहिलंय ना सहीनिशी." मग त्याची नवी घेतली आणि ती मी वाजवली. काटा डावीकडे. "आता हिच्यातही दोष आहे का?" मी सांगितलं, की माझा ओठ या एका वाद्यावर बसलाय. नवी शिकायची तर मला वर्ष लागेल आणि वर्षभर मी तुम्हाला पडके सूर देईन. तुम्हाला एकसारखी लाकडं हवी आहेत की एक सूर हवाय, ते ठरवा.

संचालकांनी तो ट्यूनर उचलून बंद केला. मग म्हणाले, "नियम एका माणसासाठी मोडता येत नाही."

पण माझं तोंड काही थांबलं नाही गं. मी म्हटलं, "मोडू नका. खुर्ची रिकामी आहे असं लिहा. मी सोमवारी दहाला येऊन तीत बसणार. माझा भाग माझ्यापेक्षा सुरात वाजवणारं कुणी आणलंत, तर मी स्वतः उठून त्याला जागा देईन. तोपर्यंत उठणार नाही." व्यवस्थापक म्हणाले, ही दादागिरी झाली. मी म्हटलं, झाली.

दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. कुणी काही कळवलं नाही. काल सोमवार. साडेनऊलाच जाऊन बसले आणि क्लॅरिनेट तापवायला लागले. एकेक जण येत गेला, माझ्याकडे न बघता नव्या पेट्या उघडत गेला. बोका शेजारी बसला आणि खुर्ची चार बोटं लांब सरकवून घेतली. दाराशी व्यवस्थापक उभे, हातात हजेरीचं पुस्तक.

दहाला संचालक आले. सूर जुळवायला सांगितलं. हॉल गार, वाद्यं नवी, आत्ताच पेटीतून निघालेली. सगळे उतरलेले, आणि प्रत्येक जण वेगळ्या मापाने. खालचा सूर तर कुणाचाच कुणाशी पटेना. एकदा थांबवलं. दुसऱ्यांदा थांबवलं. तिसऱ्यांदा त्यांनी काठी खाली ठेवली आणि थेट माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता उठ म्हणणार. मी खुर्चीचा काठ घट्ट धरला.

म्हणाले, "दुसरी क्लॅरिनेट, खालचा सूर द्या. बाकी सगळे हिच्याशी जुळवा."

मी जबडा सैल सोडला आणि दिला. आधी बोक्याने घेतला, मग मागच्या रांगेने, मग सगळ्यांनी. आधी बाबा आणि मग मी, मिळून चव्वेचाळीस वर्षं ज्याला झोपवत आलो तो सूर, आत्या, अख्खा हॉलभर उभा होता, आणि मी रडत रडत तो धरून ठेवला, सोडला नाही.

टिटवी,
दुसरी क्लॅरिनेट